आवाज ओळखला की पुरे

सोमवार, ६ जानेवारी

रुजू झाले! तिसरा मजला, खिडकीशी टेबल, फिरती खुर्ची. खुर्चीत बसून गिरकी घेतली आणि नेमक्या मॅडम दारात. त्या या सायबर सुरक्षा कक्षाच्या प्रमुख. म्हणाल्या, झालं फिरून? मग लागा कामाला. घरात पदवी घेतलेली मी पहिलीच. आई सकाळपासून शेजारीपाजारी सांगत फिरतेय, की लेक सरकारला वाचवायला निघालीय.

काम असं आहे. प्रगत एआय आता कुठल्याही यंत्रणेतली फट माणसाच्या आधी शोधून काढतं. म्हणून सरकारनं ठरवलंय, की पाणी, वीज, रुग्णालयं इथल्या कर्मचाऱ्यांनी संगणकावर आलेला कुठलाही तातडीचा हुकूम मानायचा नाही. आमच्या कक्षातून माणूस फोन करेल, मगच यंत्राला हात लावायचा. किती साधा उपाय! आणि तो फोन करणारी मी.

गुरुवार, १६ जानेवारी

आज पहिली रंगीत तालीम. त्यात नेमकं बाबांचं जलशुद्धीकरण केंद्र आलं. बाबा तिथे क्लोरीनची चावी सांभाळतात. गावाच्या पाण्यात तो किती सोडायचा, हे त्यांच्या हातात; जास्त झाला तर तेच पाणी विष. फोन स्पीकरवर, समोर मॅडम आणि वरून आलेले दोन साहेब. मी ठसक्यात सांगितलं, चावी बंद करा. बाबा म्हणाले, करतो, पण आधी सांग, लहानपणी कशाला घाबरून पलंगाखाली लपायचीस? सगळी खोली कान टवकारून बसलेली. सांगावं लागलं, मिक्सरला. साहेब पोट धरून हसले. शेजारच्या टेबलावरचा प्रोफेसर (शिकवत काही नाही, नुसता चष्मा तसा आहे) म्हणाला, आजपासून तुझं सरकारी नाव मिक्सर.

मेल्याहून मेल्यासारखं झालं. जेवणाच्या सुट्टीत बाबांना फोन करून फाडफाड बोलले. इथे मी अधिकारी आहे, घरचं चव्हाट्यावर मांडू नका, मी सांगितलं की मुकाट्यानं करायचं. ते म्हणाले, बरं साहेब.

अहवालात मी लिहिलं, की खासगी प्रश्नांमुळे मोलाचा वेळ जातो. प्रोफेसर म्हणाला, अगं, तुझ्या बाबांनीच शहाणपणा केला, आवाज काय, मशीनही काढतं. मला वाटलं, अजून चिडवतोय.

सोमवार, २७ जानेवारी

माझी शिफारस जशीच्या तशी परिपत्रकात उतरली! ‘आवाज ओळखला की पुरे. उलट प्रश्न करू नयेत.’ ओळख पटावी म्हणून माझा आवाज रेकॉर्ड करून सगळ्या केंद्रांना पाठवलाय. मॅडमनी चक्क पाठ थोपटली.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

एका रुग्णालयातल्या तंत्रज्ञबाईंना नेहमीच्या चौकशीसाठी फोन केला. त्या म्हणाल्या, सकाळी तुम्ही सांगितलंत तसा जनरेटर बंद करून पुन्हा चालू केला. मी सकाळी फोन केलाच नव्हता. त्यांच्याकडचं रेकॉर्डिंग मागवलं.

मीच. वाक्य संपवताना मी श्वास ओढते, तोसुद्धा.

मॅडमना सांगायला उठले, त्यांच्या दारापर्यंत गेले. आत त्या कुणाला तरी माझं कौतुक सांगत होत्या. परत फिरले. उद्या सांगेन.

बुधवार, ५ फेब्रुवारी

नाही सांगितलं. प्रोफेसरनं विचारलं, तोंड का उतरलंय? म्हटलं, पोट बिघडलंय. कुणी तरी माझ्या शब्दावर काय काय बंद करत असेल, आणि मी इथे पोट धरून बसलेय. लाज वाटते. तरी नाही सांगितलं.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

आईचा फोन. म्हणाली, हल्ली बाबांशी रोज बोलतेस, बरं वाटतं गं. त्या दिवशी तू तोडून बोललीस तर जेवले नव्हते. काल तू माफी मागितलीस, तर लहान मुलासारखे रडले.

मी माफी मागितली नव्हती. मला सुचलीच नव्हती. माझ्या आवाजातल्या तिला सुचली.

दुपार

मॅडमना सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढला. मग हुकूम सोडला, की या आवाजावर कुणी विश्वास ठेवू नये. पण कळवायचं कसं? संगणकावरचं कुणी मानत नाही, आम्हीच शिकवलंय. प्रोफेसरचा आवाज ओळखीचा नाही म्हणून जो तो फोन ठेवतोय. ऐकतात फक्त माझं.

मी बाबांचं केंद्र लावतेय. आमची एक गाडी तिकडे निघालीय, पण लांब आहे—

बाबांनी उचलला. मी बाबा म्हटलं, तर ते म्हणाले, “अहो बाई, माझ्या लेकीचा आवाज काढू नका.” आयुष्यात पहिल्यांदा मला अहो. म्हणे, लेकीनं आत्ताच बजावलंय, की एक खोटी फोन करेल आणि रडेल.

मी रडतच होते.

म्हटलं, विचारा मला काहीही, घरातलं काहीही विचारा. म्हणाले, विचारायची मनाई आहे, तिनंच केलीय—

रिसीव्हर टेबलावर ठेवलाय त्यांनी, बंद नाही केला. सगळं ऐकू येतंय. त्यांचा मोबाईल स्पीकरवर आहे. त्यावर मी बोलतेय. हळू, मायेनं. मी कधी बोलले नाही तशी—

प्रोफेसर दुसऱ्या फोनवरून तिथलं पंपघर लावतोय, गावाकडे जाणारं पाणी तरी थांबावं म्हणून, लागत नाही—

मी ओरडतेय. ऐकत नाहीत. चावीचं चाक करकरतंय. बाबा विचारताहेत, पुरे का गं बाळ, इतकी कधी उघडत नाही मी.

ती म्हणतेय, अजून बाबा, अजून थोडी—