सेन्योराला सांगितलेल्या गोष्टी

५ जानेवारी, सोमवार

पोहोचलो एकदाचे! खरवईतला हा बंगला बघून माझा अर्धा शीण तिथल्या तिथे गेला. चहूकडे नवे टॉवर आणि मध्येच हा दुमजली, आंब्याच्या सावलीतला. आमची खोली खाली, मागच्या बाजूला. खिडकीतून डोंगर दिसतो. डोंगराच्या अलीकडे कुणाचा तरी अर्धवट बांधलेला टॉवरही दिसतो, पण ते चालायचंच. आनंदा पाळकसाहेब सोडायला आले होते. त्यांनी इतकी लांबलचक प्रार्थना केली की चहावर साय धरली. अभिजीतने ‘आमेन’ म्हणत तो गार चहा एका घोटात संपवला.

अजून खरं वाटत नाही. श्रीरामपूरचे आम्ही दोघं, तो वसतिगृहाचा रेक्टर आणि मी बालवाडीची बाई, आणि मार्चमध्ये सुवार्तेच्या कामाला निघणार थेट बोलिव्हियाला! त्याआधी इथे राहून स्पॅनिश शिकायचं आणि दोघांनीही परीक्षा पास व्हायचं, अशी मिशनची अट आहे. दोघं पास झालो तर शलोमीला घेऊन तिघं एकत्र जाऊ. एक नापास झाला तर दुसऱ्याने पुढे जायचं आणि मागच्याने वर्षभर वाट बघायची. शलोमीला माझ्या आईकडे ठेवलंय. निघताना सहा वर्षांची ती रडली नाही, रडले मीच. तिने बजावलंय, रोज फोनवर टोपलीवाल्या घुशीची गोष्ट सांगायची. ही गोष्ट मीच रचलेली आहे. घूस रोज टोपलीत काहीतरी नवीन आणते आणि शलोमीला ते ओळखायचं असतं.

७ जानेवारी, बुधवार

आम्हाला स्पॅनिश शिकवणारे शंकरराव सर म्हणजे एक नमुना आहेत. पहिल्या दिवशी पुस्तकातून वाचल्यासारख्या मराठीत नियम सांगितले, त्यानंतर एक मराठी शब्द नाही. घरात मराठी बंद. फोन त्यांच्या कपाटात, मिळणार फक्त रविवारी. म्हणजे रोजची गोष्ट गेली बोंबलत. पोरीला काय वाटेल? अभिजीत म्हणाला, शिस्त आहे, चांगलंच आहे. त्याला सगळंच चांगलं वाटतं.

मला मात्र काही म्हणजे काही जमत नाहीये. ‘असणे’ या साध्या गोष्टीला यांच्याकडे दोन क्रियापदं! सर फळ्यावर लिहितात, मी उतरवून घेते, पान उलटलं की डोकं कोरं. स्वयंपाकाच्या कौसाबाई इथल्याच गावच्या. त्यांनी यावर सोपा उपाय काढलाय. त्या घरात कुणाशी बोलतच नाहीत, सगळं हातवाऱ्यांनी. मीठ हवं असेल तर मी चिमूट दाखवते.

ही रोजनिशी मी मराठीतच लिहिणार. सरांनी बघितली तर बघू देत.

११ जानेवारी, रविवार

शलोमीशी बोलले. घुशीने आज चष्मा आणला. खूप हसली. मग आईने फोन घेतला. डोळ्यांचं ऑपरेशन पुन्हा पुढे ढकललंय म्हणाली. बिचारीला पातेल्यातलं दूधही नीट दिसत नाही, आणि त्यात ही पोर सांभाळायची.

इथली खरी शिकवणी वरच्या मजल्यावर असते, हे आता कळलं. वर एक सेन्योरा, म्हणजे बाईसाहेब, राहते. खूप म्हातारी आहे, उजेड सोसत नाही, म्हणून खोलीचं दार बंद. आपण बाहेर स्टुलावर बसायचं आणि दाराच्या फटींतून बोलायचं. पद्धत देवाणघेवाणीची आहे. ती आपल्याला स्पॅनिश बोलून दाखवते आणि बदल्यात आपण तिला मराठी बोलून दाखवायचं, कारण तिलाही मराठी शिकायचंय. घरात मराठीला परवानगी आहे ती तेवढ्याच स्टुलावर. पहिल्या दिवशी नियम सांगताना सर म्हणाले होते, घरच्या गोष्टी सांगा, मनातल्या सांगा, त्याच तिला लवकर समजतात.

अभिजीतला तर पर्वणीच मिळाली. त्याने पहिल्याच दिवशी साक्ष द्यायला सुरुवात केली. वडिलांची दारू, ताडीच्या दुकानामागचा तो दिवस, प्रभूने कसं उचललं, आमचं लग्न, शलोमीचा जन्म, सगळं. चर्चच्या मंडळीत उभं राहून सांगायची सवय ती! म्हणतो, म्हातारीच्या आत्म्याचं तारण झालं तर बोलिव्हियाच्या आधीच पहिलं फळ. मी तिला आतापर्यंत फक्त शेंगदाण्याच्या चटणीची कृती सांगितली.

१७ जानेवारी, शनिवार

आज सुट्टी दिली म्हणून कोट घ्यायला उल्हासनगरला गेलो. बोलिव्हियात थंडी हाडं गोठवणारी असते म्हणे. सिंधी दुकानदाराने गठ्ठेच्या गठ्ठे उघडले. तीन कोट घेतले, शलोमीचा लाल.

तिथे एक विचित्र झालं. दुकानातल्या पोऱ्याने अभिजीतला विचारलं, “दादा, बाही किती लांब पाहिजे?” आणि हा नुसता बघत राहिला. तोंड उघडलं, मिटलं. दुकानदाराने मला हळूच विचारलं, “भाभी, साहब बाहर के हैं क्या?” मी हसून वेळ मारून नेली. रिक्षात तो म्हणाला की शब्द ओठांवर होता पण आला नाही. त्याला आता स्वप्नंही स्पॅनिशमध्ये पडतात. मला कौतुक वाटायला हवं होतं. खरं सांगायचं तर राग आला. मी रोज घोकून मरते आणि हा स्वप्नात शिकतो!

२३ जानेवारी, शुक्रवार

चाचणीत सपशेल आपटले. सर बराच वेळ बोलले आणि अभिजीतने अडखळत, शब्द शोधत, मला त्याचा अर्थ सांगितला. मी सेन्योराला काही देत नाही. जी देत नाही तिला मिळणार कुठून? असंच चाललं तर अभिजीत एकटा जाईल. आणि हे सांगताना याच्या चेहऱ्यावरची रेघही हलली नाही. मी खोलीत जाऊन उशीत तोंड खुपसून रडले. वर्षभर तो तिकडे, मी इकडे, आणि पोर बापाविना.

दुपारी वर गेले आणि दातओठ खात तिला टोपलीवाल्या घुशीची गोष्ट सांगितली, पहिल्यापासून. शलोमीबद्दलही सांगितलं. तिला शलू म्हणून हाक मारली की ती लाडाने ‘काय गं आईटले’ म्हणते, ते. आजीच्या घरासमोरचा हापसा, पायरीवर रंगवलेला क्रूस, ते. दारामागे श्वासाचाही आवाज नव्हता. मग ती बोलायला लागली आणि मला समजत गेलं. शब्दन् शब्द! खाली येऊन सरांना धडाधड उत्तरं दिली. अभिजीतने मिठी मारली. खूप दिवसांनी बरं वाटतंय.

२५ जानेवारी, रविवार

शलोमीने गोष्ट मागितली. मला ती आठवेना. टोपली आहे, घूस आहे, पुढे काय? घूस काय करते? मी काहीतरी थापा मारायला लागले, तर ती वैतागून म्हणाली की अशी नाहीये गोष्ट, आणि काल दुपारी फोन करून बरोबर सांगितलीस की.

मी काल फोन केलेला नाही. फोन कपाटात होता. आईला विचारलं, तर ती म्हणाली की हो, चांगली तासभर बोललीस, जावईबापूही बोलले, आज एवढी तुटक का बोलतेस?

अभिजीतला सांगितलं. त्याने मान हलवली. त्याला किती समजलं, कोण जाणे.

२९ जानेवारी, गुरुवार

आता हे लिहून ठेवते, नाहीतर उद्या माझाच विश्वास बसणार नाही.

दुपारचं जेवण चाललं होतं. अभिजीत माझ्यासमोर बसून वरण-भात कालवत होता. आणि वरून हाक आली, “तेजू, ए तेजू, टॉवेल दे गं.” अभिजीतचा आवाज. लग्नापासून रोज सकाळी मारतो तीच हाक, तोच लाडावलेला हेल. समोरच्या अभिजीतने घास थांबवला नाही. त्याला ते कळलंच नाही. कौसाबाई सवयीने उठल्या, दोरीवरचा टॉवेल घेतला आणि जिन्याकडे निघाल्या, मग त्याला समोर बसलेला बघून मध्येच थांबल्या.

मी त्याला म्हटलं, माझं नाव घे. एकदा घे. तो हसला आणि मला ‘सेन्योरा’ म्हणाला.

१ फेब्रुवारी, रविवार

फोन दिला नाही. परीक्षा जवळ आली म्हणे. सरांचं बोलणं मला न अडखळता समजलं, आणि त्याचीच भीती वाटली.

रात्रीची प्रार्थना मी मराठीत केली. अभिजीत लहान मुलासारखा माझ्या ओठांकडे बघत होता. मग त्याने त्या भाषेत प्रार्थना केली, सुंदर, अस्खलित. त्यात शलोमीचं नाव नव्हतं. मी तिचा फोटो दाखवला. त्याने विचारलं, ही मुलगी कोण?

त्याने पाळण्याची दोरी ओढत रात्रीच्या रात्री काढल्या होत्या. ते सगळं वर गेलं. साक्ष म्हणून स्वतःच्या हाताने देऊन आला.

उद्या याला ओढत घेऊन स्टेशन गाठायचं. परीक्षा गेली खड्ड्यात.

२ फेब्रुवारी, सोमवार

तो येत नाही. हात धरला तर झटकतो, परक्या बाईने धरल्यासारखा.

माझा संयम सुटला. तरातरा वर गेले आणि त्या दारावर लाथा घातल्या. जे तोंडात येईल ते बोलले. माझा नवरा परत दे म्हटलं. आजीच्या शिव्या, माहेरच्या शिव्या, लग्नातली भांडणं, बाळंतपणातल्या वेणा, शलोमीला गोवर झाला होता तेव्हा देवाला काय काय बोलले होते, सगळं ओकले. किती वेळ, माहीत नाही. घसा फुटेस्तोवर.

मी दमून थांबले तेव्हा आतून माझाच आवाज आला. शांत, समजूत घालणारा. “अजून बोल ना. छान बोलतेस.”

तेव्हा कळलं मी काय केलं ते.

३ फेब्रुवारी, मंगळवार

तोंडाने मराठी येत नाही. सकाळपासून बघतेय. ‘आई’ म्हणायला जाते आणि भलतंच बाहेर पडतं. हाताला अजून येतं. पण हळू. शब्द शोधावे लागतात —

वरचं दार उघडं आहे. आत काही नाही. एक खुर्ची, बस. खालून आमचे कोट गेलेत. तिन्ही. लालसुद्धा.

कौसाबाई मला बघून किंचाळल्या. आज पहिल्यांदा बोलल्या. “आवो ताई, तुमी तं आताच सायबांबरूबर रिक्षात बसून गेल्या ना! पोरीला आनाया चाललो, आसं बोलल्या ना मना!”

सर वर्गात. फळा पुसतायत. त्यांना विचारलं. नवीन जोडपं येणार आहे सोमवारी, म्हणाले.

४ फेब्रुवारी

कौसाबाईंचा फोन. हातवारे करून मागितला. नंबर बोटांना पाठ होता.

पोरीने उचलला. कोण, म्हणाली. मी बोलले — ती भाषा. ती घाबरली. आजी, कुणीतरी वेड्यासारखं बोलतंय. मी ओरडले तर आणखी घाबरली. मग दाराची कडी वाजली. आई आली, आई आली! फोन पडला. मागून माझा आवाज. शलू. आणि ती म्हणाली, काय गं आईटले —

फोन कटला.

मेसेज लिहिला. जी आली ती मी नाही. तिला घरात घेऊ नका. पोरीला शेजारी पाठवा. किती वेळ लागला. अक्षरं सापडत नव्हती —

पाठवला. आणि मग आठवलं. आईला दिसत नाही. पोरीला वाचता येत नाही. वाचून दाखवायला घरात आता कोण —

उत्तर आलं. शुद्ध, नीटनेटकं. ‘वाचलं. तू काळजी करू नकोस. तिला आता आम्ही आहोत.’

अभिजीत दारात उभा. विचारतो, काय झालं, का रडतेस. त्याला सगळं समजेल त्या भाषेत सांगता येतं मला. पण कुणाबद्दल सांगू, त्याला ती —

लिहीत राहायला हवं. थांबले तर तीही जाईल. लाल कोट. पायरी. हसते तेव्हा दात, पुढचा दात पडलेला. तिचं नाव. लिहून ठेवते, आत्ता, लगेच. तिचं नाव श