उजव्या कानाशी घड्याळ

अकोला, दि. ८ ऑक्टोबर १९३६

चि. गोपाळभावजी यांस,

सत्यभामेचे अनेक आशीर्वाद वि. वि. दोन महिन्यांत तुमचं साधं कार्ड नाही. अमरावतीच्या इस्पितळात डॉक्टरांना शाई मिळत नाही की काय? सौ. रमाला म्हणावं, माझ्या वतीनं नवऱ्याचा कान पिळ.

इकडे सगळं क्षेम असं लिहिणार होते, पण तुमच्यापाशी काय चोरी! मला तुमच्या दादांची धास्ती वाटून राहिली आहे. कोर्टातून आले की आम्ही झोपाळ्यावर चहा घेतो. ते खिडकीकडे, माझ्या उजव्या हाताला बसतात. गेल्या दिवाळीपासून बघते, बोलणं सगळं तोंडातल्या तोंडात. मी तीनदा काय, काय म्हणून विचारते, मग स्वारी चिडते. कारकून जानराव शपथेवर सांगतात की कोर्टात साहेबांचा आवाज खणखणीत आहे. वकिलाच्या कारकुनाची शपथ ती, तिचं काय घेऊन बसता!

मामंजींचं असंच नव्हतं का सुरू झालं? आधी आवाज गेला, मग घास अडकू लागला, अन् तिसऱ्या महिन्यात ते गेले. भावजी, माझ्या जिवाला चैन नाही. काय करू ते लिहा.

बाकी स्वयंपाकघरात नवी फरशी बसवली. गवंड्यानं मेल्यानं असा उतार ठेवला की चालताना मी उजवीकडे झुकते. परवा ताकाचं भांडं सांडलं. पलीकडचं कापसाचं जिनिंगही यंदा वेळेआधीच सुरू झालंय, दिवसभर कानात घरघर.

लोभ मी करतेच, तुम्ही निदान कार्ड करा.

तुमची वहिनी,
सत्यभामा

*

अमरावती, दि. ११ ऑक्टोबर १९३६

ती. सौ. वहिनींस,

गोपाळकृष्णाचा सा. न. वि. वि. कान रमानं पिळला, दोन्ही. आपली आज्ञा पोचली.

दादाबद्दल वाचून मीही जरा हललो. बाबांच्या वेळी मी शिकत होतो, मला काही कळलं नाही, याची बोच अजून आहे. म्हणून सविस्तर लिहितो. मेंदूच्या बुडाशी अंगठ्याएवढा जाड देठ असतो. डोक्यातल्या बारा जोड नसांपैकी बहुतेक त्या देठातून निघतात. डोळे फिरवणं, चघळणं, हसणं, ऐकणं, गिळणं, बोलणं, सगळा कारभार त्यांचा. श्वासही त्या देठाच्याच हुकमानं चालतो. बाबांचा तोच दुखावला होता.

रविवारी उजेडात बसून दादाची परीक्षा घ्या. आ करायला लावा, पडजीभ सरळ वर जाते का पाहा. जीभ बाहेर काढल्यावर एका बाजूला वळते का? गाल फुगवायला सांगा. खिशातलं घड्याळ दोन्ही कानांशी धरा. मग कापसाची बारीक वात करून, समोर बघायला सांगून, बाजूनं हळूच बुबुळाला टेकवा. निरोगी डोळा टेकताक्षणी मिटतो.

नुसतं एकाचं बघून उमगत नाही, शेजारी ठणठणीत माणूस हवं. ते तुम्हीच. दादाला तुमची परीक्षा घेऊ द्या आणि दोन्ही ताडून कळवा.

दादाला धाक, आपल्याला नमस्कार, आणि दोघांचा लोभ माझ्या वाट्याला.

गोपाळकृष्ण

*

अकोला, दि. १९ ऑक्टोबर १९३६

चि. गोपाळभावजी यांस,

अनेक आशीर्वाद वि. वि. तुमची परीक्षा काल झाली. तुमचे दादा पहिल्या वर्गात पास! पडजीभ सरळ, जीभ सरळ (कोर्टाबाहेर तरी). कापूस पापणीपाशी नेला नाही तोच डोळे गच्च. इतका मोठा वकील अन् कापसाला भ्याला! मी नवस फेडायला मोकळी झाले.

मग माझी पाळी. डावा डोळा मिटला, उजवा काही मिटेना. वात बुबुळाला टेकली म्हणतात, मला तर लागलीच नाही. हे म्हणाले, ही बायको नव्हे, फौजदार आहे, कशाला म्हणून डोळा लववत नाही. गाल फुगवले तर उजवीकडून वारा निसटला अन् आम्ही दोघं पोट धरून हसलो. घड्याळाची मात्र गंमतच. माझ्या उजव्या कानाशी नेलं की बंद पडतं, डाव्याशी पुन्हा चालू. यांच्या कानाशी दोन्हीकडे चालतं. घड्याळजीकडे द्यायला हवं.

कामवाली मनकर्णाबाई भांडी घासता घासता म्हणे, बाई, साहेब बोलते ते मले ओट्यावर आयकू येते, तुमालेच काहून आयकू येत नाई? आता हिला काय सांगू? तोंडातल्या तोंडात बोलणं मात्र चालूच आहे, तेवढ्यावर औषध लिहा.

औषधाबरोबर थोडा लोभही पुडीत बांधा.

सत्यभामा

*

अमरावती, दि. २१ ऑक्टोबर १९३६

ती. दादास,

सा. न. वि. वि. हे पत्र मुद्दाम कोर्टाच्या पत्त्यावर पाठवतो. घरी नेऊ नकोस.

तुला काही झालेलं नाही. मी चुकीच्या माणसाला रोगी धरलं आणि रोग्याच्याच हाती कापूस दिला. आठवी नस ऐकण्याची आणि तोलाची. तिला लागून सातवी, चेहऱ्याची. वरच्या अंगाला पाचवी, गालाच्या आणि डोळ्याच्या स्पर्शाची. वहिनींच्या या तिन्ही उजवीकडे मंदावल्या, म्हणजे त्या जिथं जवळ येतात त्या कोपऱ्यात गाठ वाढते आहे असा मला दाट संशय आहे. कोपऱ्याच्या आत तो देठ.

दोन गोष्टी आजच बघून कळव. फरशीला खरंच उतार आहे का? जिनिंग खरंच सुरू झालं का? वहिनींनी पहिल्या पत्रात दोन्ही लिहिलं होतं. मी वाचून हसलो होतो.

मुंबईच्या एका सर्जनना लिहिलं आहे. अशी शस्त्रक्रिया ते करतात, पण त्यातून उठणारे थोडे, हे तुझ्यापासून लपवत नाही. वहिनींना इकडे आण. आणि दादा, पाणी पिताना ठसका लागू लागला, तर एक दिवसही थांबू नकोस. मग देठच दबू लागला असं समज.

काही लिहवत नाही. सांभाळ.

गोपाळ

*

अकोला, दि. २३ ऑक्टोबर १९३६

चि. गोपाळ,

अनेक आशीर्वाद. गवंड्याला बोलावून पाणसळ लावली. फरशी सपाट आहे. जिनिंग दिवाळीनंतर सुरू व्हायचं आहे, अजून कुलूप आहे.

गेलं वर्षभर मी तिच्यावर चिडत होतो, गोपाळ. दिवसभर दुसऱ्यांचे साक्षीदार तपासतो आणि घरात हे दिसलं नाही. तिला सांगायला जीभ रेटत नाही. तू मला तपासायला बोलावलंस असं सांगितलं आहे. माझ्यासाठी ती कुठंही येईल. १ तारखेच्या गाडीनं निघतो.

कमलाकांत

*

अकोला, दि. २८ ऑक्टोबर १९३६

चि. गोपाळभावजी यांस,

अनेक आशीर्वाद वि. वि. रविवारी येतो. यांच्या घशासाठी ज्येष्ठमध बांधून घेतलाय. बडनेऱ्याला गाडी बदलताना माझा हात धरायचं आतापासून बजावून राहिले आहेत. या वयात लोक काय म्हणतील, बाई!

पण भावजी, खरं सांगू? गुण आला! चार दिवसांपासून स्वारी झोपाळ्यावर माझ्या डावीकडे बसते, अन् शब्द न् शब्द खणखणीत. मी म्हटलं, आता कशाला उगाच अमरावती? तर डोळ्यांत पाणी आणलं. फार भित्रे हो तुमचे दादा. आम्ही आलो की त्यांना जरा धीर द्या.

तुमच्या घराजवळ जिनिंग नाही ना? तेवढाच दोन दिवस कानाला निवांतपणा. इथलं तर दसऱ्यालासुद्धा थांबलं नाही.

दोन दिवस झाले, पाण्याचा घोट घेतला की मला ठसका लागतो. तुम्ही अन् रमा माझी फारच आठवण काढून राहिले दिसता. लोभ ठेवा, पण आठवण जरा बेतानं काढा, म्हणजे मला पाणी तरी धड पिता येईल.

तुमची,
सत्यभामा