मिरचीचा ड्रायर ठेवून कपाट नेण्याबाबत

प्रति,
मा. जिल्हा समन्वय अधिकारी,
ग्राम पुनरुज्जीवन उद्योग कक्ष,
जालना.

अर्जदार : अंतरा मुकुंद सेलूकर, एम.एस्सी. (भौतिकशास्त्र), तांत्रिक सहायक, रेणुका महिला उद्योग गट, मौजे उंबरखेडी, ता. भोकरदन.

विषय : गटाचा ड्रायर तीर्थपुरीस हलविण्याचा आदेश रद्द करून त्याऐवजी कपाट हलविण्याबाबत.

संदर्भ : आपल्या कक्षाचा 'अतिरिक्त यंत्राचे पुनर्वाटप' हा दि. २४ फेब्रुवारीचा आदेश.

महोदय,

१. योजना सुरू होण्यापूर्वी आपल्या कक्षाच्या सूचनेनुसार मी उंबरखेडीत घरोघर फिरून मोजणी केली होती. घरे २१४, त्यांपैकी कुलूपबंद ६३. किराणा दुकान एक, मालक गावात असेल तेव्हा चालू. पिठाची गिरणी एक, पट्टा तुटलेली. न्हावी नाही, शिंपी नाही. शाळेत मुले एकोणीस. समाजमंदिरे दोन, त्यांपैकी एकावर छत. मागील योजनांचे फलक अकरा. त्या फलकांवर लिहिलेल्या वस्तूंपैकी प्रत्यक्ष आढळलेल्या दोन. मिरची जवळपास प्रत्येक शेतात.

२. ही मिरची ओलीच पिंपळगाव रेणुकाईच्या बाजारात न्यावी लागे आणि ती सडेल या भीतीने मिळेल त्या भावात सोडावी लागे. योजनेतून गटाला ड्रायर मिळाला. त्याच्या बंद पेटीत साठ अंशांची गरम हवा फिरते आणि मिरची दोन दिवसांत वाळते. आर्द्रता अकरा टक्क्यांच्या आत असेल तर जालन्याचा एक मसाला कारखाना आमचा सगळा माल उचलतो. पहिल्याच हंगामात गावातील चौदा कुलपे निघाली. कारभारी गाढे यांनी गिरणीचा पट्टा बदलून तिखटाची चक्की जोडली. चाकणला गेलेले मच्छिंद्र परत आले आणि पाराजवळ त्यांनी केशकर्तनालय उघडले. योजनेच्या प्रस्तावनेत ज्याला 'ग्रामीण अर्थव्यवस्थेचे पुनरुज्जीवन' म्हटले आहे ते हेच असावे, असा माझा समज आहे.

३. त्यानंतर गावाला 'आदर्श उद्योग ग्राम' घोषित करण्यात आले आणि अभ्यास दौरे सुरू झाले. यात कक्षाचा हेतू चांगलाच होता. परंतु प्रत्येक दौऱ्यास ड्रायर आतून पाहायचा असतो. दार उघडले की आतील तापमान काही मिनिटांत अडतीस अंशांवर येते आणि पुन्हा साठवर जाण्यास तासाहून अधिक वेळ लागतो. शिवाय आमच्याकडे पाहुण्याला फेटा बांधल्याशिवाय, ओवाळल्याशिवाय आणि चहा पाजल्याशिवाय जाऊ देत नाहीत, आणि पाहुणा उभा असताना बाया मिरची निवडत बसत नाहीत. दिवसाला दोन दौरे येऊ लागले तेव्हा एका संपूर्ण घाण्याला बुरशी आली आणि कारखान्याने तो माल परत पाठवला. पुन्हा असे झाल्यास खरेदी बंद, असेही कळवले.

४. गटाच्या अध्यक्ष सौ. दैवशाला गाढे यांनी बैठकीत जो उपाय सुचवला तो त्यांच्याच शब्दांत नोंदवते : "पाहुण्याला येऊ नका म्हणता येत न्हाई. दार उघडू नका म्हणलं तर सायेब रागावून राह्यले. मंग दुसरं एखादं दार ठेवू त्याह्यला उघडायला." त्यांच्या लग्नातले लोखंडी कपाट समाजमंदिरात आणून ठेवले. त्यात जाळ्या बसवून वाळलेली मिरची पसरली आणि योजनेचा फलकही तेथेच लावला. ड्रायर मागच्या शेडमध्ये होता तेथेच चालू राहिला. सदस्य तुळजाबाई यांनी कपाटाला हार घालताना, याचं लगीन पुन्हा लागतंय जनू, असा शेरा मारला. बुरशी त्या दिवसापासून थांबली.

५. कपाट दौऱ्यांना ड्रायरपेक्षा अधिक पसंत पडले. ते थंड असल्याने आत हात घालता येई आणि आतील मिरची नेहमीच वाळलेली असे. त्याच्या दाराला आरसा आहे; त्यात पाहून मान्यवर फेटा सारखा करीत. आपल्या कक्षाच्या वार्षिक अहवालात या आरशाचा उल्लेख 'सूर्यकिरण परावर्तक' असा झाला आहे. कपाट ज्या खोलीत आहे तिला खिडकी नाही, ही बाब मी लेखी कळवली होती. पोच सोबत जोडली आहे.

६. आजवर आलेल्या पाहुण्यांपैकी एकीनेच कपाटाविषयी प्रश्न विचारला. तीर्थपुरीच्या बचत गटातील नंदाबाईंनी आत हात घातला आणि मला विचारले, "ताई, ह्ये गरम कसं न्हाई?" त्यांना मी मागच्या शेडमध्ये नेऊन खरा ड्रायर दाखवला. त्यांनी गावी जाऊन आपल्या कक्षाकडे सरळ अर्ज केला की आम्हाला समोरचे नको, मागचे यंत्र द्यावे. त्या अर्जावरून उंबरखेडीत दोन यंत्रे असल्याचे कक्षाच्या ध्यानात आले. नोंदवहीत एकच यंत्र असल्यामुळे आणि फलक कपाटापाशी असल्यामुळे कपाट हे मंजूर यंत्र ठरले व ड्रायर अतिरिक्त ठरला. नंदाबाईंचा यात काहीही दोष नाही. त्यांना ड्रायर मिळालाच पाहिजे. फक्त तो दुसरा असावा.

७. पडताळणीसाठी विस्तार अधिकारी श्री. कल्याण पिसे आले. मी त्यांना दोन्ही ठिकाणी तापमापक लावून दाखवला. त्यांनी वाचन स्वतः पाहिले, दोनदा पाहिले, आणि म्हणाले, "तुमचं बिलकुल बराबर हाय मॅडम. पन वर फोटू कपाटाचा गेलाय." कपाट दैवशालाबाईंना माहेरून मिळाले आहे असे सांगितल्यावर त्यांनी 'लोकवर्गणी : उल्लेखनीय' अशी नोंद केली. दैवशालाबाईंच्या साड्या तेव्हापासून सुतळीवर आहेत, कारण मंजूर यंत्रात खासगी वस्तू ठेवता येत नाहीत.

८. दरम्यान, कपाटाच्या धर्तीवर दहा गावांसाठी चाळीस संच खरेदी करण्याची निविदा निघाली आहे. तिच्या तांत्रिक तपशिलात आरशाच्या वरच्या कोपऱ्यात मोराचे चित्र असणे बंधनकारक केले आहे. हे चित्र दैवशालाबाईंच्या मुलीने चौथीत असताना चिकटवले होते. वाळवण्याच्या क्रियेत मोराचा सहभाग असल्याचे मला आढळलेले नाही. तथापि मी त्याची स्वतंत्र चाचणी घेतलेली नाही, हेही प्रामाणिकपणे नमूद करते.

९. आदेशानुसार ड्रायर गुरुवारी, दि. ६ मार्च रोजी उचलला जाणार आहे. लाल मिरचीचा तोडा सध्या भरात आहे. ड्रायर गेल्यास या हंगामात कारखान्याला माल देता येणार नाही, आणि मच्छिंद्र यांनी चाकणच्या खोलीची चौकशी आतापासूनच सुरू केली आहे. म्हणून विनंती की :

(अ) ड्रायर उंबरखेडीतच ठेवावा.
(आ) कपाट मंजूर यंत्र म्हणून कोठेही हलवावे. दैवशालाबाई त्यावरील हक्क लेखी सोडण्यास तयार आहेत.
(इ) तीर्थपुरीच्या गटास नवीन ड्रायर द्यावा आणि निविदा मोरासह रद्द करावी.
(ई) 'आदर्श उद्योग ग्राम' हा दर्जा परत घ्यावा. गटाने तसा ठराव एकमताने केला आहे. दर्जा परत करण्याचा नमुना अर्ज उपलब्ध नसल्याचे कार्यालयात समजले, म्हणून साध्या कागदावर लिहीत आहे.

या अर्जाची चौकशी करण्यासाठी कृपया दौरा काढू नये.

कळावे, ही विनंती.

आपली नम्र,
अंतरा मुकुंद सेलूकर
उंबरखेडी, दि. ५ मार्च २०२५

सोबत :
१. खिडकीबाबतच्या पत्राची पोच
२. गटाचा ठराव, सतरा सह्या व चार अंगठे
३. श्री. पिसे यांच्यासमोर घेतलेली तापमानाची वाचने

ता. क. : वरील अर्जाची स्वच्छ प्रत काढत असताना, आज बुधवारीच, टेम्पो आला. गुरुवारी चालकाच्या घरी साखरपुडा असल्याने तो एक दिवस आधी आला. दैवशालाबाई व अन्य तिघींनी कपाट उचलून टेम्पोपर्यंत आणले आणि हेच न्या म्हणून विनवले. चालक श्री. माऊली यांनी आदेश वाचला आणि म्हणाले, "मावशे, ह्ये मंजूर माल हाय. ह्याला हात लावला तर माझी नौकरी जाईल." कपाट परत आत नेण्यास त्यांनी स्वतः मदत केली. ड्रायरमध्ये अर्धा घाणा होता, तो गोणपाटावर काढून घेतला. माऊलींना चहा दिला. टेम्पो अडीच वाजता गेला.

बायांनी ती ओली मिरची कपाटात भरून दार लावले. तीन वाजता मी तापमापक लावला. कपाटाच्या आत ३३ अंश, बाहेर खोलीत ३३ अंश.