घरपट्टी आणि दळणाचा डबा

मंगळवार, संध्याकाळ

आज दारात आलेल्या रज्जाकभाईंवर, आमच्या ग्रामपंचायतीच्या शिपायावर, उगाच तोंड टाकलं. घरपट्टी भरणार नाही म्हणालो.

"नगरात तुमच्या भावाला याच्या तिप्पट हाय, दादा," एवढंच ते म्हणाले.

मग नागापूरला कामावर जाताना पेट्रोल भरलं. त्यात राज्याचा कर केवढा! पण पंपावर चकार शब्द काढला नाही. तो कर मागायला कोणी दारात येत नाही, म्हणून?

घरपट्टी भरणाऱ्यांना पंचायतीच्या गिरणीत कार्ड दाखवून दळण फुकट. आपलं आता बंद, असं धरूनच घरी आलो, तर दळणाचा डबा भरलेला.

"गिरनीत आपल्याला न्हाई म्हनले. रज्जाकनं सोताच्या कार्डावर दळून आनलं," आई म्हणाली. "तुला सांगू नको म्हनला हुता."

डब्यात हात घातला. पीठ अजून कोमट होतं.

उद्या सकाळी घरपट्टीचे पैसे घेऊन मीच त्यांच्या दारात.