वहिनीची रताळी

११ मार्च
दादाने दुसरा संसार थाटला आणि वहिनी माझ्याकडे राहायला आली, त्याला वर्ष होत आलं. आज तिने मागच्या अंगणात कुदळ चालवली. तिथे माती कसली — बांधकामाचा राडारोडा नुसता. म्हटलं, "वहिनी, इथे गवतसुद्धा धड येत नाही." तर म्हणे, "मग रताळी लावू. त्यांना फार लाड लागत नाहीत." दुपारभर विटांचे तुकडे वेचले, माती आणून टाकली. माझे हात सोलवटले. तिचेही असणार, पण दाखवील तर शपथ.

१६ मार्च
भुसभुशीत मातीचे उंच वरंबे तयार. शेजारच्या शिक्षिकाबाईंनी वेलाचे तुकडे दिले, ते खोचले. संध्याकाळपर्यंत सगळ्यांनी माना टाकल्या. मेले बहुतेक.

२४ मार्च
मेले नाहीत.

७ मे
वेल धुण्याच्या दगडापर्यंत पोचलाय. मी हौसेने खताची पिशवी आणली, वहिनीने ती तशीच बांधून ठेवली. "तिकडच्या घरी बाल्कनीत रताळी लावली होती, तेव्हा घातलं होतं. पानांचं रान आणि खाली बोटाएवढी मुळं. ती चूक माझी करून झालीय."
मधूनमधून वेल उचलून सारखा करते. "टेकेल तिथे मूळ धरतो मेला. मग एकही रताळं नीट पोसत नाही." मला दादा आठवला. तिलाही आठवला असणार, कारण दोघी एकदमच हसत सुटलो. डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

२९ जून
दादाचा फोन. तिकडे बिनसलंय. "तिला विचार, न्यायला येऊ का?" मी सांगितलं. पाऊस लांबलाय म्हणून वहिनी पाणी घालत होती, तिने नळ बंद केला. "काढणी जवळ आली, आता पाणी पुरे." एवढंच. हो नाही की नाही नाही.
तिने जाऊ नये असं वाटतंय. सख्ख्या भावाचा संसार सावरत असेल तर मला बरं वाटायला हवं ना? नाही वाटत. काय करू.

१५ जुलै
काढणी! आधी एक कापून पाहिलं — चीक पांढराच वाळला, म्हणजे तयार. मग हाताने उकरत गेलो, कुदळीचा घाव लागला की सडतात म्हणून. माती सारावी आणि खाली लालगुलाबी घोसच्या घोस! स्वयंपाकघरात पाय ठेवायला जागा नाही. लगेच खायची नाहीत म्हणे, सावलीत, उबेत ठेवली की त्यांची गोडी वाढते.
आली तेव्हा ही बाई पलंगावरून उठत नव्हती. आज कोपरापर्यंत मातीत हात घालून मलाच ओरडत होती, "हळू, ओढू नकोस." बघतच राहिले तिच्याकडे.

२४ जुलै
पहिलं भाजलेलं रताळं मला दिलं. बोटांना पाक चिकटला. सालासकट संपवलं.
दादा रविवारी येतोय. "येऊ दे," म्हणाली.

२६ जुलै
दादा आला. म्हणाला, "झालं गेलं विसर. चल घरी." वहिनी म्हणाली, "बसा. रताळं खाऊन जा." त्याने खाल्लं, पुन्हा मागून घेतलं, आणि एकटाच गेला.
दार लावून ती माझ्याकडे वळली. "आता वहिनी नको म्हणूस. नावाने हाक मार."
अडखळले. मग मारली.
तिने ओ दिली.