माळेवाडी स्टेशनची विहीर

मी, अच्युत मनमोहन नवलकर, वय वर्षे अडुसष्ट, निवृत्त स्टेशनमास्तर, राहणार ठाकूरद्वार, मुंबई, माझ्यामागे कोणाचा गैरसमज राहू नये म्हणून हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहीत आहे. मला कोणी भरीला घातलेले नाही. दम्याने छाती भरते, पण डोके ठिकाणावर आहे. आमटीत कोकम जास्त पडले तर सून कालिंदीला अजून लगेच सांगतो.

१. भाड्याच्या दोन खोल्यांतील सामान व पोस्टातील शिल्लक चिरंजीव रमाकांत यास. माझी पत्नी कै. यशोदा हिचे दागिने कन्या उर्मिला हिला. कालिंदीने वाईट वाटून घेऊ नये. शिवणयंत्र तिचेच आहे.

२. मेहुणे तात्या यांना स्टेशनची पितळी घंटा. आमच्या अरुंद रुळांच्या गाडीला ते जन्मभर 'खेळण्यातली गाडी' म्हणत आले, पण हुरडा खायला दरसाल तिनेच येत, तेही माझ्या पासावर. घंटा त्यांनी दिवाणखान्यात टांगावी.

३. आता माळेवाडीची जागा, जेथे मी स्टेशनमास्तर होतो. कापूस आणि भुईमूग बाजारात न्यायला रेल्वे कंपनीने ही लाइन घातली. युद्धात सरकारने रूळ उचलून नेले आणि कंपनी बसली. रुळांखालच्या लाकडी स्लीपरांतून लोकांनी दारांच्या चौकटी केल्या. फलाटावर आता ज्वारीची मळणी होते. लिलावात स्टेशनची पडकी इमारत, आवार आणि इंजिनाच्या टाकीची विहीर मी घेतली. तात्या म्हणाले, "गाडी गेली, आता पाणी विकणार काय?"

विहीर का घेतली ते सांगतो. उन्हातान्हात पंप मारून टाकी भरण्याचे काम गावात कोणी पत्करले नाही. ते कोंडीराम साळवे याने पत्करले. त्याच्या वस्तीला गाव महारवाडा म्हणे. तेथील माणसे आता बौद्धवाडा म्हणतात, तेच नाव या कागदात धरावे. कोंडीरामामागोमाग वस्तीतल्या बायका घागरी घेऊन येऊ लागल्या, तेव्हा गावचे जमीनदार बापूसाहेब तक्रार घेऊन आले. मी म्हणालो, "विहीर कंपनीची आहे." कंपनीच्या आड उभे राहून बोलायला धैर्य लागत नाही. कोंडीराम मात्र उघड्यावर उभा राहून बोलला, "सायेब, इंजनानं कधी इचारलं न्हाई पानी कुनी भरलं ते."

गावविहिरीवर त्या बायकांना, कायदा होऊनही, आज कोणी दोर टाकू देत नाही.

गेल्या दिवाळीत बापूसाहेबांनी ही जागा विकत मागितली. रमाकांत म्हणाला, "अप्पा, ओसाड तर पडलीय. देऊन मोकळे व्हा." त्याच आठवड्यात कोंडीराम मुंबईस आला.

"मास्तर, तुमी हाय तवर ठीक. मागनं बापूसायबानं कुंपन घातलं तर?"

"मी रमाकांतला सांगून ठेवतो."

तो हसला. "सांगितल्यालं मानसाबरुबर जातं. कागुद करा. आन् दान म्हनून लिवू नगा. टाकी आमी भरलीया."

त्याचे म्हणणे रास्त आहे. म्हणून सदर विहीर, इमारत व आवार बौद्धवाड्यातील सर्व कुटुंबांना सामाईक हक्काने देत आहे. कोंडीराम व त्याच वस्तीतील गंगुबाई कांबळे यांनी वस्तीतर्फे ताबा घ्यावा. तेथे पाणी कोणालाही नाकारू नये, बापूसाहेबांच्या घरच्यांनाही नाही. हे शेवटचे वाक्य कोंडीरामाने घालायला लावले.

४. अंमलबजावणीस बाहेरचा माणूस नेमा, असे वकील म्हणाले. मी रमाकांतलाच नेमतो. मुंबई कोणाची, या प्रश्नापायी त्याने आमच्याच नाक्यावर डोक्यात लाठी खाल्ली आहे. विहीर कोणाची, हे त्याला मी शिकवावे असे नाही. त्याने स्वतः माळेवाडीस जावे आणि बापूसाहेबांचा चहा घेण्याआधी विहिरीवर पाणी प्यावे. जो काढून देईल त्याच्या हातचे.

५. सहीपूर्वी हा कागद रमाकांतने वाचला. म्हणाला, "अप्पा, तुमच्या मरणाची वाट कशाला बघायची? सोमवारी रजा टाकतो. दोघे जाऊन तलाठ्याकडे वस्तीच्या नावे नोंद करून येऊ."

तसे झाल्यास तिसरे कलम रद्द समजावे. न झाल्यास ते कायम आहे.

मुंबई, ता. ९ फेब्रुवारी १९५९
(सही) अच्युत मनमोहन नवलकर

आमच्या डोळ्यांदेखत सही झाली:
(सही) शरच्चंद्र गजानन कोठारे, शेजारी
(सही) डॉ. सुमेधा विजयकर, ठाकूरद्वार