यमू की लक्ष्मी

पौष वद्य तृतीया, शके १८१६. गिरगाव.

आज आमच्या पगडीने फणसवाडीच्या गटारात देह ठेवला. अकरा वर्षांची निष्ठावंत सेवा, आणि अंत हा असा! सुतक पाळावे असे मनात होते. पण घरात कोणाला त्याचे काही नाही.

यमू, आमची नऊ वर्षांची लेक, देवळाच्या गर्दीत हरवली. तीन तास गल्ल्या धुंडाळल्या. पगडी त्यातच गेली. शेवटी पोलीसचौकी गाठली.

हवालदार म्हणाला, "यमू नाय हितं. येक लक्ष्मी हाय, चालंल का?"

मी संतापून परत फिरलो, तोच आतून आवाज आला, "तात्या, ती मीच!"

बाईसाहेब निवांत चणे खात बसल्या होत्या. लग्नाला महिनाच झाला; पण नावगाव विचारल्यावर तिने सासरचे सांगितले. लक्ष्मी, मुक्काम पनवेल!

"अगं, यमू म्हणायला काय झालं होतं?"

"तुम्हीच म्हणालात ना, यमू आता विसरायचं!"

म्हणालो होतो खरा. नवे नाव तिच्याकडून 'रामः रामौ रामाः'सारखे घोकून घेतले होते.

माघात ती सासरी जाईल. शिकवले तसेच ती वागते, हे आज पाहिले. तिथे निमूट राहावे, हेही मीच शिकवले आहे. तिला काही दुखलेखुपले तरी ती मला सांगणार नाही, अशी भीती वाटते.